बालकांचे हात आणि घरचीं कामें

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. पायांविषयीं आपण इतके जागरूक असतों. मुलाच्या हातांकडे मात्र आपलें लक्ष क्वचितच जातें. तीन-चार वर्षांचें मूल दिवसभर काय करूं पाहतें, हें एकदां शांतपणें बसून पाहावें. आई भाकरी थापूं लागली कीं त्यास पिठाचा गोळा हवा असतो. आजी धान्य निवडावयास बसली कीं त्याचा हात सुपांत जातो. कोणी माठांतून पाणी घेऊं लागलें कीं तें ओगराळें मागतें. आणि या साऱ्या मागण्यांना आपलें उत्तर बहुधा एकच असतें, "ठेव तें खालीं, सांडशील!" हें उत्तर कितपत योग्य आहे, याचा विचार आज वाचकांसमवेत करावा असा आमचा मानस आहे.

हा लेख आम्ही दोघांसाठीं लिहीत आहों. एक, आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप; आणि दुसरे, खुद्द आमचे विद्यार्थी व विद्यार्थिनी. कारण आमच्या शाळेंत येणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरीं अजून शाळेंत न जाणारें एखादें धाकटें भावंड आहे, आणि आईबाप शेतावर किंवा कामावर गेले म्हणजे त्या भावंडाचे पालक हेच होतात. त्यांच्या या कामाची दखल कोणी घेत नाहीं. परीक्षेच्या गुणपत्रिकेंत तर त्यास जागाच नसते.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें तें एका लहानशा प्रसंगानें. आमची एक विद्यार्थिनी आठवड्यांतून दोन-तीन दिवस उशिरा येऊं लागली. अभ्यासांत चांगली, कधीं खोटें न बोलणारी. कारण विचारलें तर मान खालीं घाली. शेवटीं आम्ही एके सकाळीं तिच्या घरीं गेलों. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. आई दिवस उगवण्यापूर्वींच शेतावर गेलेली. घरांत आमची विद्यार्थिनी व साडेतीन वर्षांचा तिचा भाऊ. ती त्याचें तोंड धूत होती, सदरा घालीत होती, बटणें लावीत होती, घास भरवीत होती, आणि तो मध्यें मध्यें रडून हातपाय झाडीत होता. आम्हांस पाहून ती ओशाळली व म्हणाली, "बाई, काय करूं? त्याला कांहींच येत नाहीं."

आम्ही कांहीं न बोलतां ओट्यावर बसलों. बहीण पाणी आणावयास आंत गेली. तेवढ्यांत त्या मुलानें कोपऱ्यांतील एक रिकामा डबा ओढला, त्याचें झांकण काढलें, जवळ पडलेले चिंचोके एक एक करून आंत टाकले, झांकण लावलें. पुन्हां काढलें, ओतले, पुन्हां भरले. रडें कधीं थांबलें तें त्याचें त्यासही कळलें नाहीं. त्यास "कांहींच येत नाहीं" असें मुळींच नव्हतें. त्यास येत होतें. फक्त करूं दिलें जात नव्हतें. आणि जें त्यास करूं दिलें जात नव्हतें तेंच करण्यांत त्याच्या बहिणीचा शाळेचा पहिला तास बुडत होता.

असल्या मुलांचा विचार जिनें जन्मभर केला त्या विदुषीचें नांव पालकांनीं पुष्कळदां ऐकलें असेल. डॉ. मारिया मॉन्टेसरी हें तें नांव. आतां तें अनेक बालशाळांच्या पाट्यांवर दिसतें. परंतु पाटीवरील नांव निराळें आणि त्यामागील विचार निराळा. मॉन्टेसरीबाईंचा जन्म इटली देशांत ३१ ऑगस्ट १८७० रोजीं झाला. १८९६ सालीं रोम येथील विद्यापीठांतून त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. मंदबुद्धि म्हणून बाजूस टाकलेल्या मुलांना शिकवतांना त्यांस असें आढळलें कीं, हातांस योग्य काम मिळालें म्हणजे निजलेली बुद्धि जागी होऊं लागते. मग जीं मुलें निरोगी आहेत त्यांच्या बाबतींत हें कां होऊं नये, असा प्रश्न त्यांच्या मनांत आला.

त्याचें उत्तर शोधण्याची संधि त्यांस ६ जानेवारी १९०७ रोजीं मिळाली. रोम शहरांतील सान लोरेंझो या मजुरांच्या गरीब वस्तींत त्या दिवशीं त्यांचें पहिलें 'बालगृह' उघडलें. तेथेंही स्थिति आपल्यासारखीच होती. आईबाप सकाळीं कामावर जात. मागें राहिलेलीं लहान मुलें जिन्यांवरून हुंदडत आणि भिंती खराब करीत. त्यांस कोणीतरी एका ठिकाणीं सांभाळावें, एवढ्याच हेतूनें घरमालकांनीं एक खोली दिली होती. शाळा काढावी असा तेथें कोणाचा मोठा संकल्प नव्हता. सुमारें पन्नास मुलें जमलीं. पुष्कळशीं भेदरलेलीं, कांहीं रडकीं.

मॉन्टेसरीबाईंनीं या मुलांस प्रथम पाटी दिली नाहीं. त्यांच्या उंचीस येतील अशीं लहान मेजें व खुर्च्या, हात पोंचेल असें ठेंगणें कपाट, पाण्याचें लहान घंगाळ, लहान केरसुणी, अशीं साधनें त्यांनीं पुढें ठेवलीं. हात धुणें, केर काढणें, धूळ पुसणें, बटणें लावणें, ताटें मांडणें हे तेथील पहिले पाठ झाले. एके दिवशीं त्यांनीं रुमालानें नाक कसें स्वच्छ करावें याचा पाठ दिला. रुमालाची घडी कशी धरावी, आवाज न करतां नाक कसें शिंकरावें, हें त्यांनीं हळू हळू करून दाखविलें. मुलें टक लावून पाहत राहिलीं आणि पाठ संपतांच त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला! प्रथम बाईंस आश्चर्य वाटलें. मग उलगडा झाला. वाहत्या नाकाबद्दल या मुलांनीं जन्मापासून टोमणे ऐकले होते. पण नाक कसें पुसावें हें त्यांस आजवर कोणीं दाखविलेंच नव्हतें. पालकांनीं या गोष्टीवर क्षणभर थांबावें. आपणही मुलांस "नीट जेव", "नीट बस", "नीट धर" असें दिवसांतून किती वेळां सांगतों. आणि तें 'नीट' म्हणजे काय तें सावकाश करून किती वेळां दाखवितों?

त्यांच्या अनुभवांतील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एकदां पाण्याच्या भांड्यांत कांहीं तरंगतीं खेळणीं सोडलीं होतीं आणि मुलें भोंवतीं दाटीनें उभीं होतीं. मागें अडीच वर्षांचें एक मूल एकटें राहिलें. त्यानें पुढें घुसण्याचा यत्न केला, जमेना. मग तें थांबलें, इकडे तिकडे पाहूं लागलें, आणि त्याची दृष्टि एका लहान खुर्चीवर गेली. ही खुर्ची मुलांच्या मागें नेऊन तीवर चढावें, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. तें आनंदानें खुर्चीकडे निघालें. इतक्यांत शिक्षिकेनें दया येऊन त्यास उचललें व मुलांच्या डोक्यांवरून खेळणीं दाखविलीं. मुलास खेळणीं दिसलीं. पण स्वतःच्या बळानें अडचण जिंकण्याचा जो आनंद त्याच्या मुद्रेवर होता तो मावळला. शिक्षिकेचा हेतु चांगलाच होता. तरी तिनें मुलाच्या हातून कांहीं हिरावून घेतलेंच.

आमच्या विद्यार्थिनीची स्थिति त्या शिक्षिकेसारखीच होती. तिच्या मायेंत तिळभर खोट नव्हती. परंतु मुलास जें स्वतः करतां येण्याजोगें आहे तें आपण त्याच्यासाठीं करणें म्हणजे मदत नव्हे. ती अडवणूक आहे. या लेखांत आम्हांस मुख्यतः सांगावयाचें आहे तें एवढेंच.

आतां कोणी म्हणेल, रोमचीं मेजें-खुर्च्या कोठें आणि आमचें कळंब कोठें! ही शंका रास्त आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रांतील एका थोर स्त्रीस फार पूर्वीं आली होती. हिंदुस्थानांत या पद्धतीचा प्रसार प्रथम जोमानें केला तो भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनीं. ते मूळचे वकील. त्यांनीं १९२० सालीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर काढलें. त्यांच्या कार्यांत पुढें ताराबाई मोडक येऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें ताराबाईंनीं मुंबईस दादर येथें शिशुविहार चालविला. खुद्द मॉन्टेसरीबाई १९३९ च्या नोव्हेंबरांत मद्रासजवळील अड्यार येथें आल्या व महायुद्धामुळें १९४६ पर्यंत याच देशांत राहून त्यांनीं येथील शेंकडों शिक्षकांस आपली पद्धति शिकविली.

परंतु या साऱ्या काळांत ताराबाईंच्या मनास एक गोष्ट सलत होती. हें शिक्षण शहरांतील सुखवस्तु घरांतच घुटमळत होतें. साहित्य महाग, आणि खेडीं तर अद्याप दूरच. म्हणून १९४५ सालीं त्यांनीं मुंबई सोडून त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या खेड्यांत बालशिक्षणाचें केंद्र काढलें. तेथें त्यांस अनुताई वाघ ही जन्माची सहकारी लाभली. तेथील पहिला पाठ कोणता? मुलांस आंघोळ घालणें, केस विंचरणें, नखें कापणें! विकत आणावयाच्या साहित्याच्या जागीं शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें आलीं. मॉन्टेसरीबाईंचें तत्त्व राहिलें आणि वस्तु आपल्या मातींतल्या झाल्या. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाच्या अंगणांत जावें, या त्यांच्या प्रयोगांतूनच 'अंगणवाडी' हा आज घरोघरीं माहीत असलेला शब्द रूढ झाला. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां हें नांव देशभर गेलें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी अशी गोष्ट तर याच्याही पुढची आहे. १९५७ सालीं हें कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथील आदिवासी मुलें शाळेंत येईनात. कारण शोधलें तेव्हां दिसलें कीं, मोठीं मुलें घरीं धाकट्यांस सांभाळतात, नाहीं तर गुरें राखतात. यावर ताराबाई व अनुताई यांनीं मुलांस बोल लावला नाहीं. त्यांनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा हीं एकाच आवारांत आणलीं व त्यास 'विकासवाडी' असें नांव दिलें. मोठी बहीण तान्ह्यास पाळणाघरांत, मधल्यास बालवाडींत पोंचवी आणि आपण वर्गांत जाऊन बसे. गुराख्यांसाठीं शाळाच कुरणांत गेली. म्हणजे धाकट्याचें शिक्षण आणि थोरल्याचें शिक्षण हे दोन प्रश्न नसून एकच आहे, हें त्यांनीं ओळखलें. आमच्या विद्यार्थिनीच्या ओट्यावर बसून आम्हांस जें उमगलें तें त्यांस तेव्हांच उमगलें होतें.

आतां घरीं काय करतां येईल तें सांगतों. या अभ्यासांस मराठींत 'जीवनव्यवहाराचीं कामें' म्हणतात. त्यांसाठीं एक पैसाही खर्च करावयास नको.

प्रथम घराची थोडी मांडणी बदलावी. मुलाचा सदरा, टॉवेल व पेला त्याच्या हातास येईल अशा खुंटीवर किंवा फळीवर ठेवावा. वस्तूची जागा ठरलेली असावी. दोन-तीन वर्षांच्या मुलास ठराविक जागेची विलक्षण ओढ असते; जागची वस्तु हलली तर तें अस्वस्थ होतें. या ओढीचा उपयोग करून घेतला तर 'आणलेली वस्तु जागच्या जागीं ठेवणें' हा पाठ रागावल्यावांचून होतो.

पहिलें काम कोरडें असावें. एका ताटांत दोन वाट्या ठेवाव्या. डावीकडील वाटींत चवळी किंवा हरभरे घालावे आणि लहान चमच्यानें एक एक चमचा उजवीकडील वाटींत न्यावा. दाणे सांडले तर ते ताटांत पडतात. ते वेंचणें हाही कामाचाच भाग. डावीकडून उजवीकडे जाण्याची हीच संवय पुढें वाचतांना व लिहितांना डोळ्यांस व हातास उपयोगी पडते. मात्र तीन वर्षांखालील मूल दाणे तोंडांत, नाकांत वा कानांत घालतें. अशा मुलास दाणे किंवा शेंगदाणे देऊं नयेत, मुठींत न मावतील अशा वस्तु द्याव्या, आणि मोठ्या माणसानें जवळून हलूं नये.

दुसरें काम पाण्याचें. लहान तांब्या अर्धा भरावा आणि त्यांतून पेल्यांत ओतूं द्यावें. शेजारीं एक फडकें ठेवावें. पाणी सांडलें तर रागावूं नये. फडक्याकडे बोट दाखवावें. आपल्या भागांत या कामास आणखी एक अर्थ आहे. आपलें गांव मांजरेच्या काठीं. पण २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण कोरडें पडून लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें वर्ष पालक विसरले नसतील. ज्या मुलानें चौथ्या वर्षीं थेंब न सांडतां पेला भरण्याचा आनंद घेतला, त्यास पुढें पाणी जपण्याचें व्याख्यान द्यावें लागणार नाहीं. ओतून झालेलें पाणी तुळशीस घालावें, म्हणजे कामही पुरें होतें.

तिसरें काम वस्त्रांचें. मॉन्टेसरीबाईंनीं यासाठीं लाकडी चौकटी केल्या होत्या; चौकटीस कापडाचे दोन पदर आणि मध्यें कोठें बटणें, कोठें बंद, कोठें बक्कल. आपण जुना सदरा उशीस घालून तोच अभ्यास देऊं शकतों. बटणें मोठीं असावीं. प्रथम काढावयास शिकवावें, मग लावावयास. कारण काढणें सोपें असतें. अंगातील सदऱ्याचीं बटणें नीट दिसत नाहींत, उशीवरचीं समोर दिसतात. अवघड कामांतील एक एक अडचण निराळी काढून मुलापुढें ठेवणें, हें या पद्धतीचें मोठें मर्म आहे.

चौथें काम स्वच्छतेचें. आखूड दांड्याची किंवा लहान केरसुणी द्यावी. "घर झाड" असें म्हटलें तर मुलास कोठून कोठवर तें कळत नाहीं. खडूनें जमिनीवर एक वर्तुळ काढावें आणि केर त्या वर्तुळांत गोळा करावयास सांगावें. काम कोठें संपतें हें डोळ्यांस दिसलें म्हणजे मूल तें मन लावून पुरें करतें. हात धुण्याचेंही तसेंच. बाह्या सारणें, हात ओले करणें, साबण लावणें, बोटांच्या बेचक्या चोळणें, धुणें, पुसणें, या एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या आहेत. त्या क्रमानें करतांना मुलाचें मनही क्रमानें चालावयास शिकतें.

पांचवें काम स्वयंपाकघरांतील. भुईमुगाच्या शेंगा फोडणें, मेथी निवडणें, उकडलेल्या बटाट्याचें साल काढणें, भाकरी कुस्करणें, कणकेचा लहान गोळा लाटणें, जेवणाचीं ताटें मांडणें. "आज आपण किती जण?" असें विचारून तितकीं ताटें व तितक्या वाट्या मांडावयास सांगितलें, तर गणिताचा पहिला पाठ भुकेच्या वेळीं आपोआप होतो. विस्तव, विळी, उकळतें पाणी व विहीर यांपासून मात्र मुलास दूर ठेवावें. तेथें प्रयोगास जागा नाहीं.

हीं कामें देण्याची रीत कामांइतकीच महत्त्वाची आहे. आपण करून दाखवावें तें अगदीं सावकाश, आणि त्या वेळीं बोलावें कमी. कारण हात पाहावा कीं शब्द ऐकावे अशी मुलाची ओढाताण होते. मग वस्तु त्याच्या स्वाधीन करून आपण मागें सरावें. चूक झाली तर मध्येंच हात धरूं नये. सांडलेला दाणा, वांकडें लागलेलें बटण स्वतःच चूक सांगतें; वस्तूनें सांगितलेली चूक मुलास झोंबत नाहीं, माणसानें सांगितलेली झोंबते. आणि तेंच काम तें पुन्हां पुन्हां करूं लागलें तर करूं द्यावें. सान लोरेंझो येथें तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्या काढून पुन्हां भोंकांत बसविण्यांत इतकी गढून गेली कीं, भोंवतीं गाणें म्हटलें, तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवलें, तरी तिचें काम थांबेना. चाळिसांहून अधिक वेळां तिनें तें केलें, आणि मग झोपेंतून ताजेंतवानें होऊन उठावें तशी ती प्रसन्न होऊन उठली. मोठ्या माणसास काम संपवावयाचें असतें. लहान मुलास तें करावयाचें असतें. हा भेद ओळखला म्हणजे पुष्कळसे राग आपोआप शमतात.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. मुलास काम करूं देणें आणि मुलाकडून काम करून घेणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलींत काम मुलाच्या वाढीसाठीं असतें; तें कंटाळलें कीं थांबतें. दुसरींत काम आपल्या सोयीसाठीं असतें, आणि मूल दमलें तरी थांबत नाहीं. आमचा लेख वाचून कोणी चार वर्षांच्या मुलीस धुण्याच्या ढिगापाशीं बसविलें तर तो मॉन्टेसरीबाईंचाही अपमान होईल आणि ताराबाईंचाही. त्याचप्रमाणें हीं कामें मुलींपुरतीं समजूं नयेत. मुलाच्या हातीं केरसुणी आल्यानें त्याचें कांहीं कमी होत नाहीं. उलट आपलें ताट आपण उचलणारा मुलगा पुढें कोणाच्याही घरांत जड होत नाहीं.

आईबापांची अडचण आम्ही जाणून आहों. सकाळच्या धांदलींत मुलास बटण लावूं देण्यास सवड कोठून आणावी? यावर उपाय असा कीं, शिकवण्याची वेळ आणि घाईची वेळ एक करूं नये. सायंकाळीं अथवा सुटीच्या दिवशीं पंधरा मिनिटें उशीवरच्या सदऱ्यास द्यावीं. सकाळीं मग वरचें एकच बटण मुलाकडे सोंपवावें. महिन्यानें दोन, पुढें चार. प्रारंभीं वेळ मोडतो हें खरें. पण तो पुढें व्याजासह परत मिळतो.

आपल्या तालुक्यांतून, जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. त्यांपैकीं ज्यांच्याबरोबर मुलेंही जातात, त्यांच्या कोपींत थोरली बहीण धाकट्यास राखते आणि तिची शाळा मागें राहते. अशा मुलींचा प्रश्न चमचा-वाटीनें सुटणार नाहीं, हें आम्ही पूर्णपणें जाणतों. त्यासाठीं गांवोगांवच्या अंगणवाड्या नीट चालणें, मुलांस गांवीं ठेवण्याची सोय होणें, आणि कोसबाडप्रमाणें थोरल्याधाकट्यांचा विचार एकत्र होणें अगत्याचें आहे. पालकांनीं आपल्या वस्तींतील अंगणवाडींत एकदां जाऊन बसावें. तेथें मुलांस केवळ खाऊ मिळतो कीं हातांस कामही मिळतें, तें पाहावें, आणि तेथील सेविकेस लागेल तें साहाय्य करावें. घरांतील जुन्या वाट्या, डबे, बटणें, चिंध्या हीच तेथील मोठी देणगी ठरेल.

त्या विद्यार्थिनीच्या घरची हकीगत सांगून हा लेख पुरा करितों. तिला आम्हीं वर लिहिलेल्या गोष्टींपैकीं दोनच सांगितल्या: उशीवरचा सदरा आणि खालच्या खुंटीवरचा टॉवेल. पहिल्या आठवड्यांत ती तक्रार घेऊन आली, "बाई, आतां तर जास्तच उशीर होतो!" आम्हीं तिला धीर धरावयास सांगितलें. दिवाळीची सुटी झाली. सुटीनंतर ती वेळेवर येऊं लागली. रोज नव्हे, पण पुष्कळ दिवस. एकदां तिनें हंसत हंसत सांगितलें कीं, आतां भाऊ कोणासही आपल्या बटणास हात लावूं देत नाहीं. चार बटणें लावावयास तो बराच वेळ घेतो, एखादें वरखालीं होतें, पण तेवढ्या वेळांत तिची वेणीही होते आणि दप्तरही भरून होतें. आई शेतावरून आली कीं तो दारांतच पाण्याचा पेला घेऊन उभा असतो. पेला अर्धाच भरलेला असतो. कारण अर्धाच भरावा असें त्यास शिकविलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें भावंड असेल त्यांनीं येत्या सुटींत हा प्रयोग अवश्य करून पाहावा. तुम्ही त्यास अक्षरें शिकवूं नका. तीं शाळेंत वेळ आली म्हणजे येतील. त्यास पाणी ओतूं द्या, ताट मांडूं द्या, बटण लावूं द्या. तें चुकेल तेव्हां हात आवरा, आणि त्यास साधेल तेव्हां त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. आणि पालकांस आमची एकच विनंति: "ठेव तें खालीं, सांडशील" हें वाक्य ओठांवर आलें म्हणजे तें दिवसांतून एकदां तरी गिळावें, आणि शेजारीं एक फडकें ठेवावें.